गंगापूर रोडची शटरवाली लायब्ररी, तिथली वही आणि माझे ड्यूक

आधीच सांगते, लायब्ररीचं नाव लिहिणार नाहीये, कारण पुढे तक्रारी पण करायच्यात आणि काका साधे आहेत, उगाच त्यांच्या मनाला लागायला नको. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगमधे शटर आहे, वर नुसतं 'वाचनालय' रंगवलंय आणि त्यातला 'ल' पण उडालाय. डिपॉझिट ५०० रुपये, महिन्याला १५०, एका वेळी दोन पुस्तकं. मी गेले होते सासूबाईंची पुस्तकं बदलायला, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं तेव्हा, आणि दीड वर्ष झालं, आता त्यांच्यापेक्षा जास्त मीच जाते.

तर मुद्दा म्हणजे तिथली वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी लिहितात तसली. काकांना स्वतःला रोमान्समधलं काही कळत नाही, ते फक्त खून आणि इन्स्पेक्टर वाचतात, म्हणून त्यांनीच कधीतरी ही वही ठेवली की बायांनो तुम्हीच एकमेकींना सांगा काय चांगलंय ते. पुस्तक परत करताना दोन ओळी लिहायच्या, बस. नाव कोणी लिहीत नाही पण अक्षरावरून माणसं ओळखीची होतात. निळ्या शाईच्या पेनवाल्या एक काकू आहेत, अक्षर एकदम शाळामास्तरणीसारखं, त्यांनी लिहिलेलं होतं, 'पान ८० पर्यंत कंटाळा येईल, सोडू नका, नंतर कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भान राहणार नाही.' खरंच माझी डाळ करपली हो, पान ९४ ला. दुसरी एक पेन्सिलवाली आहे ती एकदम कडक, 'हिरो पहिला अर्धा भाग नुसता माजोरडा आहे, असले चालत नसतील तर घेऊ नका', आणि खाली तिसऱ्याच कोणीतरी 'मला चालतात' असं लिहून हसरा चेहरा काढलाय.

आता मोबाईलवर साडेचार स्टार बघून घेतलेली पुस्तकं मी तीन वेळा अर्धी टाकलीत. कारण स्टार देणाऱ्याला काय आवडलं ते कुठे कळतं? मला ऐतिहासिक रोमान्समधे नुसते गाऊन आणि बग्ग्या नको असतात, मला त्या काळाची अडचण पाहिजे, म्हणजे हे दोघं आजच्या काळात असते तर चौथ्या पानावर लग्न झालं असतं पण तेव्हा का होत नाही, ते पाहिजे. वहीतल्या काकूंना ते बरोबर कळतं.

त्यांनीच मला जॉर्जेट हेयर या इंग्रजी लेखिकेपासून सुरुवात करायला लावली. रिजन्सी काळावरची तिची पहिली कादंबरी १९३५ ची आहे म्हणे, आणि आज तुम्ही जे डान्स, बग्ग्या आणि टोमणे मारणारी हिरॉईन वगैरे वाचता ते बरंचसं तिनेच घालून दिलेलं. सुरुवातीला जड जातं बरं का, कपड्यांची नावंच पाच ओळी चालतात. पण एकदा लय सापडली की मग सुटत नाही. रिजन्सी म्हणजे १८११ ते १८२०, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी पडून राज्य करायच्या स्थितीत राहिला नाही म्हणून मुलगा रीजंट होऊन कारभार बघत होता तो काळ. हे मला एका वाचणाऱ्या ताईने लायब्ररीच्या पायरीवर उभं राहून सांगितलं आणि वर म्हणाली, "तेव्हा आपल्याकडे कोण होतं सांग बरं?" मी गप्प. अगं दुसरा बाजीराव! घरी येऊन सनावळ्या जुळवत बसले तर वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ ची, आणि तिकडे पंढरपूरला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला तो २० जुलै १८१५, म्हणजे जेमतेम महिनाभराने. त्या खुनात बाजीरावाच्या विश्वासातल्या त्रिंबकजी डेंगळ्यांचं नाव आलं, इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं, तिथून ते १८१६ मधे निसटले, आणि १८१८ मधे आपला त्र्यंबकचा किल्ला पण इंग्रजांनी घेतला. म्हणजे माझ्या कादंबरीतला तो रुबाबदार कॅप्टन लंडनमधे कोणाचा तरी हात मागत असताना त्याचे भाऊबंद इथे आपला मुलूख गिळत होते. तेव्हापासून हिरो 'भारतातून पैसा कमवून आलेला' असला की मी जरा डोळे बारीक करूनच वाचते. वहीत तसं लिहिलंय पण. खाली पेन्सिलवालीने 'सहमत' लिहिलंय, फक्त एवढंच, पण मला तिच्याकडून ते म्हणजे मेडलच.

ग्रेटना ग्रीनचा किस्सा पण वहीतूनच कळला. या पुस्तकांत दर दुसरी पोरगी रात्री बग्गीत बसून तिकडे पळते, मला वाटायचं काहीतरी रोमँटिक हिल स्टेशन असेल. तसं नाहीये. १७५३ मधे इंग्लंडमधे कायदा झाला की २१ च्या आतल्यांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय लग्न करता येणार नाही, पण स्कॉटलंडला तो लागू नव्हता, तिथे साक्षीदारांसमोर आम्ही नवराबायको म्हटलं की झालं लग्न, आणि ग्रेटना ग्रीन हे सीमा ओलांडल्यावर लगेचचं गाव. तिथला लोहार ऐरणीपाशी लग्न लावून द्यायचा. निळ्या शाईच्या काकूंनी समोर कंसात लिहिलंय, '(त्यांची आळंदी)'. मी एकटीच त्या पार्किंगमधे मोठ्याने हसले, काकांनी चष्म्यावरून बघितलं.

ड्यूकचं (म्हणजे तिकडचे सगळ्यात वरच्या दर्जाचे सरदार) मात्र अति होतं हे सांगायलाच हवं. खऱ्या इंग्लंडमधे त्या वेळी मोजून दोन-तीन डझन ड्यूक असतील, त्यातले निम्मे म्हातारे, आणि काकांच्या कपाटात प्रत्येक रांगेला नऊ, सगळे तिशीतले आणि सगळ्यांना बॉक्सिंग येतं. असो, आपल्याला काय, वाचतोय ना.

मराठी विभाग वेगळ्या भिंतीला आहे आणि तिथे सासूबाईंचं राज्य. त्यांचं म्हणणं, पेशवाईतल्या कादंबऱ्या या प्रेमकथाच आहेत, तुम्ही उगाच इंग्रजी वाचता. मी म्हटलं आई, तुमच्यात कोणी सुखी होतच नाही ना पण. मस्तानी बाजीरावांच्या मागोमाग त्याच वर्षी गेली, १७४० ला. माधवराव १७७२ मधे थेऊरला गेले आणि रमाबाई सती. इंग्रजी रोमान्समधे शेवटी लग्न हे ठरलेलंच असतं, आपल्याकडे सरण ठरलेलं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणून तर लक्षात राहतात." यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाहीये.

पण त्यांच्यामुळे एक झालं. राघोबादादा आणि माधवरावांचं भांडण वाचताना धोडपची लढाई आली, १७६८ ची, आणि आम्ही धोडप दर वेळी चांदवडकडे जाताना गाडीतून बघतो की! आनंदवलीला तर आमची भाजी घ्यायला फेरी असते, तिथे राघोबादादांचा वाडा होता आणि गावाचं नाव आनंदीबाईंवरून पडलं असं सांगतात. म्हणजे ज्या बाईला मी पुस्तकात शिव्या घालत होते तिच्या नावाच्या गावात मी मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून घासाघीस करते. त्या संध्याकाळी आम्ही दोघी मुद्दाम नदीकडच्या बाजूने चक्कर मारून आलो, त्यांचा गुडघा दुखत असूनही.

आता तक्रारी. एक, सिरीजचे मधले भाग गायब. चार भावंडांची चार पुस्तकं, पहिलं, दुसरं आणि चौथं आहे, तिसरं दिवाळीपासून कोणाकडे तरी अडकलंय आणि काका फोन करायला लाजतात. चौथ्याच्या पहिल्याच पानावर तिसऱ्यातलं बाळ रांगताना दिसतं, काय अर्थ आहे सांगा. दोन, पावसाळ्यात खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांना वास लागतो, मला दोनदा शिंका येऊन पुस्तक परत करावं लागलं. तीन, कोणीतरी बया मोक्याची पानं दुमडून ठेवते, म्हणजे आपण वाचायच्या आधीच कळतं की इथे काहीतरी होणार आहे. वेळ पण विचित्र, संध्याकाळी ५ ते ८, सोमवारी बंद, आणि यूपीआय चालतं पण काकांचा फोन चार्ज असेल तरच.

कव्हरचं काय करायचं विचाराल तर, उघड्या छातीचा माणूस असतो बऱ्याच पुस्तकांवर, घरात दहावीतला मुलगा आहे, तर मी 'देशदूत'च्या पुरवणीचं कव्हर घालते. मागच्या महिन्यात सासूबाईंनी ते उचकटून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "याला थंडी नाही वाजत का इंग्लंडात?"

ज्यांना जुनं, दुर्मिळ मराठी पाहिजे त्यांनी सरळ सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) जावं, १८४० पासूनचं वाचनालय आहे ते, त्याच्याशी या शटरची तुलनाच नको. इथे यायचं ते वहीसाठी. पहिल्या दिवशी पुस्तक घेऊच नका, स्टुलावर बसून वीस मिनिटं वही चाळा, आपल्यासारखी आवड असलेलं एक अक्षर शोधा आणि त्या अक्षराच्या मागे जा. माझं हिरवं पेन आहे. शेवट फोडत नाही, फक्त कुकर लावून वाचायचं की नाही तेवढं लिहिते. आणि तो तिसरा भाग तुमच्याकडे असेल तर प्लीज आणून द्या, काका काही बोलणार नाहीत, मी बोलेन.