निकोटीन गम (2 मिलिग्रॅम): हृदयरुग्णांनी घ्यावा का?

सिगारेट-बिडी सोडण्यासाठी घ्यावा, पण वापरायची पद्धत नीट शिकून. गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, म्हणून लोक तो साध्या च्युइंगमसारखा भराभर चघळतात. मग निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, घशात-छातीत जळजळ होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला छातीतली जळजळही पुन्हा झटका आल्यासारखी वाटते. तो घाबरतो, गम टाकून देतो आणि जीव शांत व्हावा म्हणून बिडी पेटवतो. (छातीवर दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर मात्र अंदाज बांधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.)

चुणचुण लागेपर्यंतच सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. चुणचुण ओसरली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी किंवा सरबत नको. त्यातल्या आम्लामुळे निकोटीन तोंडात शोषलं जात नाही. आपल्याकडे अडतं ते इथेच, कारण चहा आणि सिगारेटची जोडी असते. टपरी टाळा, चहा घरी घ्या.

सिगारेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफेची वाट पाहू नका. पहिले 6 आठवडे दर एक-दोन तासांनी एक घ्या, पुढे अंतर वाढवत 12 आठवड्यांत बंद करा. कवळी असेल तर गम चिकटतो.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड गममध्ये नसतो, म्हणून हृदयाला तो सिगारेटपेक्षा खूपच सुरक्षित. तरी झटक्यानंतरचे पहिले दोन आठवडे, वाढती छातीदुखी किंवा ठोक्यांची गंभीर अनियमितता असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मनाचं दुखणं मात्र गमच्या आवाक्याबाहेरचं आहे. सिगारेट सोडल्यावरची चिडचिड आणि झोपमोड दोन-चार आठवड्यांत उतरते. त्यापुढेही उदासी राहिली, ‘आता सोडून काय उपयोग’ असं वाटत राहिलं, तर ते नैराश्य असू शकतं. झटक्यानंतर ते बऱ्याच जणांना येतं आणि अशांची सिगारेट पुन्हा सुरू होण्याची शक्यता जास्त असते. त्यावर वेगळे उपचार लागतात. ‘स्टेंट टाकलाय, आता काळजी नाही’ हा समजही तितकाच घातक: स्टेंटने (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीने) एक अडथळा मोकळा होतो, बाकीच्या रक्तवाहिन्यांवर धुराचा मारा चालूच राहतो. समुपदेशनासाठी 1800-11-2356 ही मोफत राष्ट्रीय सेवा आहे. गम सुरू करण्याआधीच तिथे फोन करा.