यूबिटेक्स आणि घरी बांधलेली एण्डफेड तार: दहा महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबरात यूबिटेक्स हा हौशी रेडिओचा छोटा संच (बोलायला आणि ऐकायला एकच) घेतला तेव्हा ओळखीतल्या दोन हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, मला चांगलंच पिडलं होतं. दहा वॅटात काय शेजारच्या गल्लीत बोलणार का, वगैरे. आता सप्टेंबर लागलाय, लॉगबुकात तीनशेच्या वर क्यूएसओ (रेडिओवरचे संवाद) आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त मोर्समध्ये, पाच वॅटवर. म्हणून लिहायला बसलो. पण हे जितकं रिगबद्दल, म्हणजे संचाबद्दल, आहे तितकंच ॲण्टेनाच्या तारेबद्दल आहे, आणि नागपूरबद्दलही.

आधी रिग. हैदराबादच्या अशर फरहान यांचं हे डिझाइन. ३ ते ३० मेगाहर्ट्झ, एसएसबी (आवाज) आणि सीडब्ल्यू (मोर्स), शेवटी पॉवरसाठी दोन आयआरएफ५१० मॉस्फेट (ट्रान्झिस्टर). सर्किट आणि प्रोग्राम दोन्ही खुले, म्हणजे बिघडलं तर आपणच उघडून बसायचं. माझ्याकडे टचस्क्रीनचं व्हर्जन ६ आहे. १३.२ व्होल्टवर माझ्या मीटरनं ४० मीटर बँडला (बँड म्हणजे लहरींचा पट्टा, नाव तरंगलांबीवरून) ९ वॅट, २० मीटरला ६, १५ मीटरला ४ दाखवले आणि १० मीटरला जेमतेम २. वरच्या बँडवर पॉवर उतरते हे घेण्याआधीच माहीत होतं, त्यामुळे तक्रार नाही. शंभर वॅटच्या तुलनेत दहा वॅट म्हणजे १० डीबी (डेसिबल) कमी, आणि एक एस-युनिट, म्हणजे सिग्नलच्या मीटरवरची एक खूण, ६ डीबीचं. म्हणजे समोरच्याच्या मीटरवर मी दोन खुणासुद्धा पूर्ण खाली येत नाही. त्याच्याकडे बँड शांत असेल तर त्याला फरक पडत नाही. माझ्याकडे शांत असेल तर मात्र मला खूप फरक पडतो, आणि पहिले दोन महिने माझे तिथेच गेले.

घर त्रिमूर्तीनगरात, दुसऱ्या मजल्यावर. गच्चीवर तार टाकली आणि ४० मीटरला नुसत्या गोंगाटानं एस-मीटर ८ वर चिकटून बसला. मला वाटलं रिसीव्हरच बहिरा आहे. एका रविवारी बायको माहेरी गेली होती, तेव्हा रिग बॅटरीवर लावली आणि घराचा मेन बंद केला. आवाज एकदम ५ वर आला. मग एकेक एमसीबी चालू करत बसलो. गुन्हेगार तीन निघाले: हॉलमधल्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वयंपाकघरातला एक स्वस्तातला एलईडी बल्ब आणि वायफायचा अडॅप्टर. रेग्युलेटर सगळ्यात वाईट. पंखा एकवर ठेवला की बँडभर घर्रर्र, पाचवर नेला की गायब. आतला ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) विजेची प्रत्येक लाट मधूनच कापतो, त्याची ती घरघर. आता आमच्याकडे रेडिओच्या वेळी पंखा फुल असतो. जानेवारीतही असायचा, त्यावरून काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही.

उरलेला ५ चा आवाज शेजारपाजारचा. त्यातलाही बराचसा तारेतून येत नव्हता, तर कोॲक्स केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चढत होता. आरजी-१७४ केबलचे बारा वेढे एफटी१४०-४३ या फेराइट रिंगवर घेऊन चोक (जाळीवरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) केला आणि रिगच्या अलीकडे लावला. मीटर ३ वर. दहा महिन्यांत या रिंगइतका फायदा दुसऱ्या कशानं झाला असेल असं मला वाटत नाही.

आता तार. एण्डफेड हाफवेव्ह म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची तार एका टोकाकडून फीड करायची. मध्यभागी जड केबल लोंबत नाही, म्हणून बाहेर न्यायला सोयीची. टोकाला इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) अडीच हजार ओहमच्या आसपास, रिगला हवेत ५०, म्हणून मध्ये ४९:१ ट्रान्सफॉर्मर. मी पहिल्यांदा इंटरनेटवर सगळे करतात तसे २ आणि १४ वेढे घेतले. एसडब्ल्यूआर (रिग आणि ॲण्टेना किती जुळलेत याचं माप) झकास. पण एफटी८ वर (संगणकानं संदेश पाठवायची पद्धत) अर्धा तास चालवलं आणि डबी हातात घेतली तर रिंग गरम! मला मोर्स शिकवणारे काका म्हणाले, ‘दोनचे तीन कर आणि चौदाचे एकवीस. ४० मीटरला दोन वेढे अपुरे पडतात, तुझी पॉवर रिंग तापवण्यात चालली आहे.’ तसं केलं, रिंग थंड राहिली. एसडब्ल्यूआर चांगला दिसला म्हणजे ॲण्टेना चांगली, हा माझा समज तिथे संपला. डमी लोडचा, म्हणजे ॲण्टेनाऐवजी लावायच्या नुसत्या रोधकाचा, एसडब्ल्यूआरही चांगलाच असतो की.

तारेची लांबी हिशेबानं ७.०५ मेगाहर्ट्झला २०.२ मीटर येते. मी २०.६ कापली आणि नॅनोव्हीएनए (ॲण्टेना मोजायचं छोटं यंत्र) लावून दहा-दहा सेंटीमीटर कमी करत गेलो. पीव्हीसी आवरणाची तार उघड्या तारेपेक्षा थोडी कमी लागते, त्यात माझी टोकं जमिनीच्या जवळ. शेवटी १९.७ वर जमलं. कापलेलं टोक फेकू नका, मागे दुमडून पिळून ठेवा. जागा बदलली की पुन्हा लागतं. आणि एक इशारा: दहा वॅटलासुद्धा त्या टोकाला दीडशे व्होल्टच्या वर असतात. घरात लहान मूल असेल तर टोक हाताबाहेर ठेवा. मी एकदा सीक्यू (कोणी आहे का, अशी हाक) देताना कोपर टेकवलंय, पुन्हा टेकवणार नाही.

केबल मी सुरुवातीला सगळीच आरजी-१७४ वापरत होतो, वजनाला हलकी म्हणून. पण दहा मीटर लांबीत १४ मेगाहर्ट्झला एक डीबीच्या वर जातो, म्हणजे सहा वॅटमधला जवळपास दीड वॅट केबल गिळते. आता पाच मीटरच ठेवली आणि स्टूल ॲण्टेनाजवळ नेलं.

उंचीबद्दल मला फार काळजी होती, ती नागपूरनं मिटवली. ही तार मी सात मीटरच्या फायबर दांड्यावर मध्ये उचलतो आणि दोन्ही टोकं खाली आणून बांधतो. ४० मीटरच्या मानानं हे बुटकंच, बरीचशी ऊर्जा सरळ वर जाते आणि वरून परत खाली येते. समुद्रकाठच्या माणसाला हे परवडणार नाही, त्याला निम्मा देश लांब पडतो. आपल्याला इथून हैदराबाद साधारण सव्वाचारशे किलोमीटर, मुंबई सातशेच्या आत, दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू, कोलकाता सगळी हजाराच्या आत. सकाळी आठ ते दहा या वेळात ४० मीटरला एका तासात चारही दिशांना बोलून होतं. झीरो माइलच्या खांबाचा मला झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग. रात्री मात्र गणित उलटतं, जवळचे गायब होतात आणि लांबचे येतात.

डिसेंबरपासून दर पंधरवड्याला मामांच्या मळ्यात जातो, काटोलकडे. तिथे एस-मीटर हलतच नाही, इतकी शांतता. पण संत्र्याची झाडं बुटकी, तार टांगायला निरुपयोगी. म्हणूनच तो फायबरचा दांडा घेतला, मासे पकडायच्या गळाचाच आहे. पहिल्या दिवशी तो उभा करून बसलो तर शेजारचा शेतकरी बांधावर येऊन उभा. ‘भाऊ, विहीर तिकडं हाय, तुम्ही इथं झाडात गळ टाकून काय करून राह्यले?’

त्याच मळ्यात फेब्रुवारीत एक कोडं पडलं. बँडवर टक्, टक्, टक्, साधारण सेकंदाला एक, घड्याळासारखं. १० मीटरपासून ४० मीटरपर्यंत कुठेही जा, ते आहेच. बॅटरी बदलली, केबल काढली, रिगचं झाकण उघडलं. मग लक्षात आलं की मामांनी रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन बसवलंय. मशीनचा दोष नव्हता. कुंपणाची तार एका ठिकाणी ओल्या गवताला टेकली होती आणि दर झटक्याला तिथे ठिणगी पडत होती. संध्याकाळी अंधारात बारीक निळी दिसली. विळ्यानं गवत कापलं, टकटक बंद. मामांचाही फायदा झाला, कारण तेवढ्या भागात कुंपणाला जोरच उरला नव्हता. तेव्हापासून मळ्यात माझ्या रेडिओला मान आहे.

उन्हाळ्यानं सगळ्या सामानाची परीक्षा घेतली. बॅटरी लिथियम फॉस्फेटची, ६ ॲम्पिअर-अवर, वजनाला पाऊण किलोच्या आसपास. आधी यूपीएसमधली लेड-ॲसिड वापरायचो, ती दोन किलोच्या वर. मे महिन्यात गाडीत काहीही ठेवून जायचं नाही, मी बॅटरी ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या डब्यात नेतो. दांड्याचं सांगायचं तर उन्हात घट्ट बसवलेले भाग संध्याकाळी निघेनात, पिळताना चौथ्या नळीला चीर गेली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. इन्सुलेशन टेप गुंडाळून चालवतोय.

आणि एक चूक निव्वळ माझी. मॉस्फेट तापतील म्हणून दोघांना मिळून एक मोठं हीटसिंक लावलं आणि ते कॅबिनेटला बोल्ट केलं. आयआरएफ५१० चा मागचा पत्रा ड्रेनला, म्हणजे पुरवठ्याचा व्होल्ट येतो त्या टोकाला, जोडलेला असतो. मध्ये अभ्रकाची चकती घातली होती, पण आवळताना एक तडकली. स्विच दाबला आणि फ्यूज उडाला. फ्यूज नसता तर काय झालं असतं याचा विचार करत नाही. जो कोणी मूळचं वेगवेगळं हीटसिंक काढायच्या विचारात असेल त्याने काढू नये. एफटी८ करताना मी पॉवर ३ वॅटवर आणतो, तेवढं पुरतं. त्यात पंधरा सेकंदांपैकी जवळपास तेरा सेकंद सलग प्रक्षेपण असतं, बोलण्यासारखी मधली उसंत नसते.

स्क्रीन उन्हात दिसत नाही. पुठ्ठ्याचा आडोसा केला, काम भागलं.

जून-जुलैत ४० मीटर जवळजवळ सोडून दिला. विजांची कडकड ऐकू येते, मग बाकी काही येत नाही. ढग दिसले की तार रिगपासून काढून खिडकीबाहेर. या काळात २० मीटरसाठी पाच मीटरची उभी तार त्याच दांड्याला बांधली, जमिनीवर चार रेडियल (जोडीच्या तारा) पसरले. इथली काळी माती पावसात चिंब असते, त्याचा फायदा होत असावा, कारण जपान आणि इंडोनेशिया आडव्या तारेपेक्षा या उभ्या तारेवर सोपे गेले. भेगा पडलेल्या मेच्या मातीत हीच तार मुकी होती.

ऑगस्टात मळ्यातून पाच वॅटवर जपानचा पहिला क्यूएसओ झाला. क्यूएसबीत (सिग्नल वरखाली होत असताना) त्याचा कॉल, म्हणजे ओळखचिन्ह, तीनदा मागावा लागला. सिग्नल कसा येतोय त्याचे आकडे द्यायचे आणि ७३, म्हणजे शुभेच्छा, म्हणून संपवायचं, एवढाच तो संवाद. मामा चहा घेऊन शेजारीच उभे होते.

‘बोलला का जपानवाला?’

‘बोलला मामा. ५५९ दिलं त्यानं.’

‘आणि?’

‘मी पण ५५९ दिलं.’

‘मग?’

‘मग ७३. झालं.’

मामांनी वर दांड्याकडे पाहिलं, खाली पसरलेल्या चार तारांकडे पाहिलं, टेप लावलेल्या नळीकडे पाहिलं. ‘मग फोनच काऊन नाही लावला बे?’