लाकूडकामाच्या मशीनवरचे स्वस्त दिवे: पावसाळा धरून सहा महिन्यांचा अनुभव

खानापूरकडे जून ते सप्टेंबर आभाळ उतरलेलंच असतं. पत्र्याच्या शेडात वर दोन ट्यूब असल्या तरी बँडसॉवर (गोल फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीवर) वाकलेल्या माणसाची सावली नेमकी पेन्सिलीच्या रेघेवर पडते. मत्ती, म्हणजे ऐनाच्या गडद फळीवर तर ती रेघ दिसतच नाही. वर आणखी ट्यूब लावून हे सुटत नाही. दिवा पात्यापाशीच हवा.

दोन तऱ्हेचे दिवे वापरले. एक, शिलाई मशीनवर लावतात तो चुंबकाचा, लवचिक मानेचा एलईडी दिवा, साधारण तीनशे-चारशे रुपयांचा. दुसरी, १२ व्होल्टची एलईडी पट्टी.

चुंबकाचा दिवा बँडसॉच्या वरच्या पातळ पत्र्याच्या झाकणावर लावू नका. पातळ पत्र्यावर चुंबकाची पकड निम्मीही राहत नाही आणि थरथरीने दिवा सरकत खाली येतो. बिडाच्या खांबावर लावा. तिथला भुसा, तेल आधी थिनरने पुसा. जागा डाव्या बाजूला, दातांच्या थोडी पुढे, म्हणजे रेघ कापायच्या आधी उजेडात येते. मान पूर्ण खाली पाडून बघा: दिवा पात्यापर्यंत पोचत असेल तर जागा चुकली.

ड्रिल मशीनला पट्टीच बरी. एकाच बाजूने उजेड आला तर गिरमिटाची सावली खुणेवर पडते, म्हणून डोक्याखाली दोन्ही बाजूंना १५-१५ सेंमीचे तुकडे लावले. मीटरला ६० एलईडींची ५०५० जातीची पट्टी सुमारे १४ वॅट घेते, म्हणजे ३० सेंमीला साडेचार वॅटही नाहीत. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. कापायची ती तीन-तीन एलईडींच्या खुणेवरच. मागचा गोंद दोन महिन्यांत सुटला, म्हणून पट्टी ॲल्युमिनियम चॅनेलमध्ये दुधी झाकणासह स्क्रूने बसवली. क्लिपचे जोड थरथरीने सैल होतात, डाग (सोल्डर) द्यावा.

लेथवर मात्र सगळ्यात जास्त जपायला हवं. थेट २३० व्होल्टवर चालणारे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. लेथ मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असेल तर एका फेरीत उजेडाचे बरोबर ४ झटके पडतात आणि चौकोनी ठोकळा किंवा चार जबड्यांचा चक (लाकूड पकडणारा भाग) जागच्या जागी उभा असल्यासारखा दिसू शकतो. मशीन थांबलं समजून हात पुढे गेला तर बोट जातं. तपासणी सोपी: दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा. एका सलग पट्ट्याऐवजी सुट्ट्या सुट्ट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा लेथला नको. चांगल्या अडॅप्टरवरच्या १२ व्होल्ट डीसी पट्टीला हा त्रास नाही. मध्ये उजेड कमी-जास्त करणारा स्वस्त डिमर घातला की तो परत येतो. लेथवर उजेड आडवा, तिरपा पाडा. पटाशीचे ओरखडे लगेच उठून दिसतात.

वायरिंगची एक चूक आपल्या भागात सर्रास दिसते. थ्री फेज मोटरच्या स्टार्टरला तीन फेज आणि अर्थिंग एवढंच येतं, न्यूट्रल नसतो. मग दिव्यासाठी एक फेज आणि अर्थिंग जोडतात. अर्थिंगचा जोड सुटला की मशीनच्या अंगात करंट येतो. दोन फेज घेतले तर ४१५ व्होल्टने अडॅप्टर जळतो. बोर्डावरून न्यूट्रलसह वेगळा ६ अँपिअरचा प्लग पॉइंट काढा. पातं बदलताना मोटरची मेन बंद असली तरी मग दिवा चालू राहतो.

सहा महिन्यांत बिघडलं ते चुंबकाच्या एका दिव्याचं बटण; आत बारीक भुसा बसला होता. बाकी दिवे आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडले की पुरे. अडॅप्टर भुशापासून दूर, भिंतीवर ठेवावा. पिवळा जुना बल्ब मशीनवर लावूच नये, त्याच्या तापलेल्या काचेवर भुसा करपतो, पेटूही शकतो.

पॉलिशच्या टेबलाला हे ६५०० केल्विनचे पांढरे दिवे चालत नाहीत (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तसा उजेड निळसर). सागवान निळसर, फिकट दिसतं आणि हातून रंग गडद लावला जातो. तिथे ४००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० असलेला दिवा घ्या, थोडा महाग पडला तरी.