ट्रेलरचे रॅम्प बनवून घेताय? माझे ३६,८७५ रुपये कसे गेले ते आधी वाचा

हे लिहायला तीन महिने घेतले, कारण लाज वाटत होती. बावीस वर्षं गॅरेजमध्ये घालवलेला माणूस मी, आणि लोखंडात फसलो. पण परवा ओळखीतला एक जण त्याच पट्ट्यात तसलंच काम टाकायला निघाला होता, म्हणून आता लिहितोच.

माझ्याकडे सेकंडहँड, चारी बाजूंनी बंद असा ट्रेलर आहे, कागदपत्रं सगळी क्लिअर. लोकांच्या जुन्या जपलेल्या गाड्या आणि ट्रॅकच्या गाड्या पुण्याहून कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकपर्यंत नेऊन आणतो, घर त्याच्यावर चालतं. गाडी आत चढवायचे मागचे रॅम्प, म्हणजे उतरत्या फळ्या, गंजून गेले होते, म्हणून भोसरीकडच्या एका फॅब्रिकेटरकडे नवीन टाकले. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

ठरलं ते असं. ८ फुटाचे दोन रॅम्प, कारण ट्रेलरचा फ्लोअर जमिनीपासून २२ इंच आहे, ८ फुटात चढ १३ डिग्रीच्या आसपास राहतो, त्यापेक्षा आखूड केला तर खाली बसलेल्या गाडीचा बंपर घासतो. दोन्ही बाजूला ७५ एमएमचं रोल्ड चॅनेल, म्हणजे कारखान्यात लाटलेली इंग्रजी C आकाराची जाड पट्टी, वर ५ एमएम चेकर प्लेट, म्हणजे चाक घसरू नये म्हणून उठाव असलेला पत्रा, खाली फुटाफुटावर आडवे अँगल. वरच्या टोकाला हुक, ते ट्रेलरच्या मागच्या पाइपात बसणार, आरपार २० एमएमची पिन, शिवाय सेफ्टी चेन. आणि ट्रेलरच्या शेपटीखाली दोन जॅक. गाडीचं वजन मागच्या टोकावर आलं की ट्रेलर मागे दबतो आणि जोडलेल्या जीपची मागची बाजू उचलली जाते, त्यामुळे जॅकशिवाय लोडिंग करायचंच नाही.

भाव १४५ रुपये किलो, मजुरी धरून. १५० किलोचे २१,७५० झाले, हुक-पिन-चेन-जॅकचे ९,५००, वर १८ टक्के जीएसटी ५,६२५. एकूण ३६,८७५. २०,००० यूपीआयने अ‍ॅडव्हान्स दिले, १६,८७५ रोख. जीएसटी घेतला पण बिल दिलं कच्चं, म्हणाला “दादा, पक्कं बिल सोमवारी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.” तो सोमवार अजून यायचाय. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून दोन मिनिटात तपासता येतो, पैसे देण्याआधी तपासा, मी नंतर तपासला.

आता मला रात्री झोपू देत नाही ती गोष्ट. डिलिव्हरीच्या दिवशी त्याच्याकडचं एक बारकं पोरगं, अठरा-एकोणीसचं असेल, रॅम्प एकट्याने खांद्यावर टाकून शेडमधून ट्रेलरपर्यंत घेऊन आलं. एकट्याने. १५० किलोतला एक म्हणजे ७५ किलो. मी दिवसभर इंजिन-गिअरबॉक्स उचलणारा माणूस, ७५ किलो काय असतं ते माझ्या कमरेला माहीत आहे, आणि मी तिथे उभा राहून त्या पोराला “शाब्बास” म्हणालो! तिथेच थांबून रॅम्प काट्यावर ठेवायला हवे होते. काळा रंग इतका ताजा होता की पोराच्या शर्टाला लागला, तेव्हासुद्धा मनात आलं नाही की रंगाची एवढी घाई कशाला.

तुम्ही म्हणाल वजनकाटा केला नाही का. केला, मीच केला! जीप आणि ट्रेलर आधी रिकामं ३,१२० किलो, रॅम्पसकट ३,२७०. बरोबर १५०. पण दुसऱ्या वेळी फॅब्रिकेटर स्वतः ट्रेलरच्या आत “रॅम्प हलतायत, धरून उभा राहतो” म्हणून उभा होता आणि मी स्टिअरिंगवर बसलेलो, बंद ट्रेलरमधलं आरशात काय दिसणार? त्याचं वजन मी पैसे मोजून विकत घेतलं. रॅम्प सुटे काट्यावर ठेवा, गाडीसकट वजन अजिबात मान्य करू नका.

नवव्या दिवशी एका गिऱ्हाइकाची सेडान चढवत होतो. पुढची चाकं ओढणारी गाडी रॅम्पवर आली की चाकं रॅम्पला मागे ढकलतात, सगळा जोर हुक आणि पिनवर येतो. डाव्या रॅम्पचा हुक वेल्डिंगच्या टाक्यापासून सुटला, रॅम्प मागे सरकला आणि गाडी धाडकन खाली, सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटला, ऑइल माझ्या चपलेपर्यंत आलं. हेल्पर पोरगा हातभर लांब होता म्हणून वाचला. मालक समोर उभा. बंपर, सम्प, मजुरी धरून ४१,३०० माझ्या खिशातून गेले.

घरी येऊन रॅम्पवर ग्राइंडर मारला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली आठ-आठ इंचावर वेल्डिंगचे नुसते टाके, सलग वेल्डिंग कुठेच नाही. ‘रोल्ड चॅनेल’ म्हणजे ३ एमएम पत्रा वाकवलेला. प्लेटही ३ एमएम. नमुना दाखवताना त्याने व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) प्लेटच्या उठावावर लावला होता, मोजायचं ते उठावाच्या मधल्या सपाट भागावर. २० एमएमच्या पिनच्या जागी १२ चा साधा बोल्ट, डोक्यावर मजबुतीचा ८.८ चा शिक्का नाही काही नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर एक ४३ किलो, दुसरा ४४.५. म्हणजे ८७.५ च्या मालाला १५० चे पैसे.

फोन केला तर म्हणतो “तुम्ही ओव्हरलोड चढवली.” सेडान!

मग चौकीत गेलो. पहिल्या दिवशी “साहेब राउंडला गेलेत.” दुसऱ्या दिवशी “ही हद्द आमची नाही.” तिसऱ्या दिवशी दुसऱ्या चौकीत साहेब भेटले, अर्ज वाचलासुद्धा नाही, “हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी, कोर्टात जा.” मी म्हटलं खोटं वजन दाखवून पैसे घेणं फसवणूक नाही तर काय, भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम कशाला आहे? तर म्हणे वकिलाकडून शिकून आलात का. पोच मागितली तर दिली नाही, दोन तास बाकड्यावर बसल्यावर शिक्का मारला. वैधमापनवाल्यांकडे, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्यात गेलो, ते म्हणाले काटा बरोबर आहे, काट्यावर कोण उभं होतं ते आम्ही कसं सांगणार. १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, पक्कं बिल आहे का. सगळीकडे चोर सोडून मलाच प्रश्न! भाड्याची रोजी बुडवून सहा चकरा मारल्या.

ग्राहक आयोगात पण आधी हेच ऐकलं की तुमचा धंदा आहे, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. चुकीचं आहे. २०१९ च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक’ धरत नाहीत, हे कुणी तोंडावर नाही म्हटलं तरी धरून ठेवा. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. यूपीआयचा स्क्रीनशॉट, काट्याच्या दोन्ही पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन जोडून तक्रार टाकली आहे.

काम टाकणार असाल तर रंग लावू देऊ नका, वेल्डिंग उघडं बघा, मग प्रायमर. चॅनेल आणि प्लेटची जाडी बिलावर लिहून घ्या. पहिल्यांदा गिऱ्हाइकाची नाही, स्वतःची गाडी चढवून बघा, शेपटीखाली जॅक, चाकांना ओंडके, आणि रॅम्पच्या रेषेत कुणालाही उभं करू नका.

ते दोन्ही रॅम्प अंगणात ताडपत्रीखाली ठेवलेत, वर खडूने ४३ आणि ४४.५ लिहिलंय. भंगारवाला दोनदा विचारून गेला. आयोगाची तारीख लागेपर्यंत हलवणार नाही.