वर्डप्रेसवरून ह्युगोवर: मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मराठी साइटसाठी कसं आहे?

माहितीपानं, नव्या आवृत्त्यांच्या नोंदी आणि ‘कसं वापरायचं’ सांगणारे लेख एवढाच ज्या साइटचा संसार आहे, तिच्यासाठी ह्युगोला, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींपासून तयार पानांची साइट बनवून देणाऱ्या साधनाला, पाचपैकी साडेचार द्यायला हरकत नाही. अर्धा गुण कुठे गेला ते पुढे येईलच. ह्युगो शिकायला फार वेळ लागत नाही. साइट मराठी असेल तर सगळा वेळ जातो तो लेखांचे जुने पत्ते (यूआरएल) जिवंत ठेवण्यात, आणि तयारी त्याचीच करायला हवी.

नाशिकच्या द्राक्षबागायतदारांसाठी स्वयंसेवकांनी बनवलेलं एखादं मुक्तस्रोत नोंदवही-ॲप डोळ्यांसमोर ठेवा. साइट दहा वर्षं वर्डप्रेसवर आहे. खरड छाटणी, गोडी बहार (म्हणजेच ऑक्टोबर) छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), भुरी-डाऊनी या रोगांची लक्षणं, ॲप फोनवर कसं चढवायचं, असे शे-दोनशे लेख आहेत. वाचणारा निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यात उभा राहून फोनवर पान उघडतो आणि त्यातले कित्येक दुवे व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमध्ये वर्षानुवर्षं फिरत असतात. हे ग्रुपांतले दुवे कुणालाही दुरुस्त करता येत नाहीत. पत्ता बदलला की तो लेख त्या शेतकऱ्यापुरता संपला.

ह्युगो गो भाषेत लिहिलेलं आहे, २०१३ पासून चालू आहे, परवाना अपाची २.०. कुबरनेटिससारख्या मोठ्या प्रकल्पाने २०१८ मध्ये आपली माहितीपानं जेकिल या तशाच दुसऱ्या साधनावरून ह्युगोवर आणली, त्यामुळे हे हौशी लोकांचं खेळणं नाही. सगळं ह्युगो एकाच प्रोग्राम फाइलीत येतं, डेटाबेस लागत नाही, पीएचपी लागत नाही. लेख म्हणजे साध्या मार्कडाउन फाइली, म्हणजे मांडणीसाठी थोड्या खुणा घातलेला साधा मजकूर. त्या गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवायच्या, बदल झाला की सगळी साइट नव्याने बनते आणि तयार एचटीएमएल कुठेही ठेवता येतं. प्लगइन अद्ययावत न केल्यामुळे साइट हॅक होण्याची वर्डप्रेसवरची कायमची धास्ती इथे राहत नाही.

बसवणं सोपं आहे. उबुंटूच्या आपल्या भांडारातली आवृत्ती बहुधा जुनी असते, म्हणून गिटहबवरच्या प्रकाशनांतून थेट डेब फाइल (उबुंटूवर बसवायची फाइल) घ्या. थीम सास (सजावटीचे नियम लिहिण्याची भाषा) वापरत असेल तर बहुधा ‘एक्स्टेंडेड’ आवृत्ती लागते. घरच्या मशीनवर सर्व्हर चालवला की १३१३ पोर्टवर साइट दिसते आणि फाइल जतन करताच पान बदलतं.

आता पत्ते. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्त्याचा तुकडा बनवतं आणि त्याची मर्यादा २०० वर्णांची आहे. इंग्रजीला ती पुरून उरते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे मात्रा, अनुस्वार, हलन्तसुद्धा, टक्क्याच्या रूपात (%E0 सारख्या खुणांत) गेलं की ९ वर्ण खातं. ‘द्राक्ष’ या एका शब्दात ७ चिन्हं, म्हणजे ६३ वर्ण. थोडक्यात, साधारण २२ चिन्हं झाली की पत्ता कापला जातो. ‘ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीला पाणी किती द्यावे’ हे शीर्षक घ्या. ‘ऑक्टोबर’ची ७, ‘छाटणीनंतर’ची ९, ‘वेलीला’ची ६ मिळून २२ चिन्हांचे १९८ वर्ण आणि दोन जोडरेघा. झाले बरोबर २००. ‘पाणी किती द्यावे’ पत्त्यात कधी आलंच नाही. ह्युगोला मोकळं सोडलं तर ते फाइलीच्या नावावरून किंवा पूर्ण शीर्षकावरून आपला पत्ता बनवतं आणि जुना दुवा ४०४ वर, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ वर, आदळतो.

म्हणून शीर्षकावरून पत्ता बनवू नका. वर्डप्रेसच्या निर्यात फाइलीत प्रत्येक लेखाचा खरा, कापलेला तुकडा असतो. तो उचला, टक्क्याचं रूप उलगडून देवनागरी करा आणि फ्रंट मॅटरमध्ये (लेखाच्या फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात) ‘यूआरएल’ म्हणून पूर्ण पत्ता लिहा, वर्ष-महिन्यासकट. टक्क्याचं रूप जसंच्या तसं डकवलं तर टक्क्याच्या चिन्हाचंच पुन्हा सांकेतिक रूप होतं आणि पत्ता दुहेरी बिघडतो. हे काम हाताने करू नका, पायथनच्या वीस-पंचवीस ओळी पुरतात. नव्या लेखांना मात्र सरळ लॅटिन तुकडा द्या. व्हॉट्सॲपमध्ये डकवल्यावर त्याची टक्क्यांची माळ होत नाही आणि फोनवर कुणाला तोंडी सांगायचा झाला तरी सांगता येतो.

कॉन्फिगमध्ये, म्हणजे साइटच्या सेटिंगांच्या फाइलीत, ‘रिमूव्ह पाथ ॲक्सेंट्स’ नावाची एक सेटिंग आहे. ती मुळात बंद असते आणि बंदच राहू द्या. युरोपीय भाषांतल्या अक्षरांवरच्या खुणा काढून टाकण्यासाठी ती आहे, पण कुणाचा तरी नमुना कॉन्फिग उचलताना चालू होऊन येऊ शकते. युनिकोडच्या वर्गवारीत आपला उकार, एक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे ‘जागा न घेणाऱ्या खुणा’ आहेत. काना आणि वेलांट्या नाहीत. त्यामुळे ही सेटिंग चालू असली की पत्त्यातला ‘कुंभमेळा’ ‘कभमळा’ होतो आणि ‘द्राक्षे’चं ‘दराकष’ होतं. पानावरचा मजकूर शाबूत राहतो, म्हणून नुसती पानं चाळून हा घोटाळा सापडत नाही. पत्त्याची पट्टी पाहावी लागते.

ह्युगोची ‘एलियस’ सोय जुन्या पत्त्यावर एक छोटं पान ठेवते आणि ते पान वाचकाला नव्या जागी पाठवतं. वाचकाचं काम भागतं, पण हे सर्व्हरकडून येणारं खरं ३०१ (‘पान कायमचं हललं’ असा संकेत) नव्हे. साइट गिटहब पेजेसवर ठेवली तर तिथे ३०१ देण्याची सोयच नाही. क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफायवर ‘_रीडायरेक्ट्स’ नावाच्या फाइलीत ते देता येतं. जिथे पत्ता तसाच ठेवता येतो तिथे तसाच ठेवा, वळवावळवी कमीत कमी करा. वर्डप्रेसचा ‘फीड’ (नव्या लेखांची यंत्राला वाचता येणारी यादी) पत्ता मात्र वळवावाच लागतो, कारण ह्युगोचं फीड ‘इंडेक्स डॉट एक्सएमएल’ या नावाने बनतं.

चित्रांचं त्यामानाने सोपं. निर्यात फाइलीत चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधलं ‘अपलोड्स’ फोल्डर जसंच्या तसं ह्युगोच्या ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये त्याच नावांच्या वाटेने टाका, म्हणजे जुनी चित्रं जुन्याच पत्त्यावर मिळतात. वर्डप्रेसने बनवलेल्या लहान आकाराच्या प्रतीही घ्या. लेखांतले दुवे बहुधा मूळ चित्राकडे नसतात, त्या प्रतींकडे असतात. भुरीच्या पानांचे नवे फोटो टाकताना ह्युगोकडून ८०० पिक्सेल रुंदीचं वेबपी (हलक्या फाइलीचा चित्रप्रकार) करून घ्या, मळ्यातल्या फोनवर पान पटकन उघडतं.

तक्ते तपासा, प्रत्येक तक्ता तपासा. फवारणीचं वेळापत्रक एखाद्या प्लगइनने बनवलेलं असेल तर लेखाच्या मजकुरात फक्त चौकटी कंसातला एक संकेत येतो आणि तक्ता मागेच राहतो. तो वर्डप्रेसमधून वेगळा उतरवून घ्यावा लागतो. थेट एचटीएमएलमध्ये लिहिलेला तक्ता असेल तर वेगळी अडचण येते. ह्युगोचा मार्कडाउन वाचक गोल्डमार्क कच्चं एचटीएमएल मुळातच वगळतो. पानावर तक्त्याच्या जागी काहीच दिसत नाही. सोर्स पाहिला तरच ‘एचटीएमएल वगळलं’ अशा अर्थाची टिप्पणी सापडते. कॉन्फिगमध्ये रेंडररची ‘अनसेफ’ सेटिंग चालू केली की तक्ते परत येतात. नावाने दचकू नका. लेख लिहिणारे सगळे आपल्याच चमूतले असतील आणि प्रत्येक बदल तपासून आत घेतला जात असेल तर ती चालू करणं योग्य आहे. औषधाचं प्रमाण ज्या तक्त्यात आहे तो गायब होणं हा साध्या मांडणीतला दोष मानता येत नाही. एका लिटरला किती ग्रॅम हे वाचायलाच शेतकरी आलेला असतो.

तारखांचा एक त्रास हमखास होतो. ९ वाजता लिहिलेल्या लेखावर फक्त ०९:०० अशी वेळ टाकली आणि टाइमझोन दिला नाही, तर ह्युगो ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं. म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. तोवर लेखाची तारीख भविष्यातली ठरते आणि भविष्यातली पानं ह्युगो बनवतच नाही. काही चुकलं असंही सांगत नाही. अडीच वाजून गेले तरी लेख आपोआप येत नाही, कारण साइट पुन्हा बनवल्याशिवाय काहीच बदलत नाही. कॉन्फिगमध्ये टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ लिहिला की हा प्रश्न मिटतो. पानाखाली ‘शेवटचा बदल’ गिटमधून दाखवायचा असेल तर गिटहब ॲक्शन्समध्ये (साइट आपोआप बनवणाऱ्या गिटहबच्या सोयीत) चेकआउटची ‘फेच-डेप्थ’ ० ठेवा. नाहीतर यंत्रणा फक्त शेवटचा एक कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) उतरवते आणि सगळ्या पानांवर एकच तारीख झळकते. औषधांची शिफारस कधी तपासली गेली हे ज्या साइटवर कळायलाच हवं, तिथे ही चूक महागात पडते.

अर्धा गुण कापला तो आवृत्त्यांसाठी. ह्युगो अजून १.० झालेलं नाही आणि मधूनमधून जुन्या गोष्टी मोडतं. २०२५ मधल्या ०.१४६ ने साच्यांच्या फोल्डरांची रचनाच बदलली. त्याआधी ०.१२८ ने पानांच्या विभागणीच्या सेटिंगचं नाव बदललं. दोन वर्षं हात न लावलेली थीम नव्या ह्युगोवर चालेलच असं नाही. म्हणून ॲक्शन्सच्या फाइलीत ‘लेटेस्ट’ कधीही लिहू नका. नेमका आवृत्ती क्रमांक लिहा, तोच वाचा-मला (रीडमी) फाइलीतही ठेवा आणि वर्षातून एकदा, निवांत वेळी, ठरवून पुढे सरका. तसंच तयार पानं जिथे जातात ते ‘पब्लिक’ फोल्डर ह्युगो स्वतः साफ करत नाही. काढून टाकलेला लेख तिथे पडून राहतो, म्हणून साइट बनवण्याआधी ते फोल्डर पुसा.

शोधाची सोय ह्युगोत नाही, ती बाहेरून आणावी लागते. पेजफाइंड त्यासाठी उत्तम आहे. साइट बनून झाली की ते तयार पानं वाचून सूची करतं आणि वाचकाच्या फोनवर सूचीचे लागतील तेवढेच तुकडे उतरतात. एचटीएमएलमध्ये भाषा ‘एमआर’ लिहिलेली आहे ना, तेवढं पाहा. मराठीत अडचण सामान्यरूपाची येते. ‘घड’ शोधलं तर ‘घडांना’ सापडतं, कारण सुरुवात तीच आहे. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा ताण’ सापडत नाही. अशा शब्दांची दुसरी रूपं लेखाच्या पहिल्या परिच्छेदात सहज येतील असं लिहिणं हाच सध्या सर्वांत भरवशाचा उपाय आहे. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द दोन प्रकारे टंकलेला असतो: एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण यंत्राला दोन वेगळे शब्द. स्थलांतर करताना सगळ्या फाइलींवर एकदा फिरून पहिला प्रकार सर्वत्र करून टाका. मार्कडाउनमध्ये सगळं साधा मजकूर असल्यामुळे हे एका आज्ञेचं काम आहे, आणि वर्डप्रेस सोडण्याचं हेही एक मोठं कारण धरावं.

गिट न येणाऱ्या लेखकांचं काय, हा प्रश्न खरा आहे. कृषी पदवीधर सल्लागाराला कमिट आणि ब्रँच शिकवत बसू नये. डीकॅप सीएमएस जोडलं की ब्राउझरमध्ये साध्या चौकटीत लेख लिहिता येतो आणि मागे कमिट आपोआप होतो. पण जोडणीत एक दिवस जातो आणि लॉगइनची व्यवस्था सांभाळावी लागते. लिहिणारे दोघं-तिघंच असतील तर गिटहबच्या पानावर पेन्सिलीचं चिन्ह दाबून बदल करणं पुरेसं आहे. रोज दहा जण लिहीत असतील, किंवा साइटवर नोंदणी आणि अर्ज भरून घेणं चालत असेल, तर ह्युगोच्या वाटेला जाऊ नका, वर्डप्रेसच नीट सांभाळा.

स्थलांतर जून-जुलैत करा. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की बागायतदार साइटवर येऊ लागतो आणि तेव्हा तुटलेला दुवा सर्वांत जास्त नडतो. आधी जुन्या पत्त्यांची यादी करा. वर्डप्रेस ५.५ पासून ‘डब्ल्यूपी-साइटमॅप’ आपोआप मिळतो, पण तेवढ्यावर थांबू नका, सर्व्हरच्या नोंदींतून गेल्या वर्षभरात खरोखर मागितले गेलेले पत्तेही काढा. नवी साइट तात्पुरत्या पत्त्यावर चढवा आणि यादीतला एकेक पत्ता ‘कर्ल’ या आज्ञेने तपासा. २०० (पान मिळालं) किंवा ३०१ आलं तर ठीक, बाकी सगळं दुरुस्त करायचं. डीएनएसचा टीटीएल (साइटच्या नावाची नोंद इतरांनी किती वेळ साठवायची ती मुदत) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे काही बिघडलं तर काही मिनिटांत मागे फिरता येतं. जुनं वर्डप्रेस लगेच पुसू नका. ते बंद दाराआड एक पूर्ण हंगाम, एप्रिलची खरड छाटणी होईपर्यंत, तसंच ठेवा आणि ४०४ च्या नोंदी आठवड्यातून एकदा पाहत जा.