खोट्या कळा की खऱ्या?
नवव्या महिन्यात पोट कडक झालं की पहिला प्रश्न हाच. खोट्या कळा बेभरवशाच्या: कधी दहा मिनिटांनी, कधी तासाभराने, कूस बदलली, पाणी प्यायलं, थोडं चाललं की बहुतेकदा ओसरतात. खऱ्या कळा अशा थांबत नाहीत. त्यांच्यातलं अंतर घटत जातं, जोर वाढतो, पुढेपुढे तर कळ असताना धड बोलवतही नाही. नुसत्या दुखण्यावरून मात्र ठरवू नका, खोट्या कळाही कधीकधी चांगल्याच दुखतात. घड्याळ लावून बघा. पहिलटकरणीला दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की दवाखाना गाठावा. पाणी गेलं, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली किंवा ३७ आठवडे भरायच्या आतच कळा सुरू झाल्या, तर मोजत बसू नका, लगेच निघा.