डोळ्यांखालच्या काळेपणासाठी कॅफीनचे सीरम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताटात पाकीट ठेवता ठेवता भावाने विचारले, "ताई, तब्येत बरी आहे ना? डोळे फार ओढल्यासारखे दिसतात." त्याआधी कामाच्या ठिकाणीही दोघीतिघींनी "काल जागरण झालं का?" असे विचारले होते आणि मी "हो, थोडं काम होतं" असे सांगून वेळ मारून नेली होती. प्रत्यक्षात त्या दिवसांत मी रात्री साडेदहाला झोपून सकाळी सहाला उठत होते. झोप पुरेशी होत असूनही चेहरा थकलेला दिसतो, याचे वाईट वाटत होतेच; भावाने काळजीने विचारल्यावर ते अधिक लागले. पुढच्याच आठवड्यात मी 5 टक्के कॅफीन असलेले, डोळ्यांखाली लावायचे सीरम मागवले. ते वापरायला लागून आता आठ महिने झाले आहेत.

कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कॅफीन आणि नायसिनामाइड (त्वचेचा काळेपणा कमी करण्यासाठी वापरतात तो ब-3 जीवनसत्त्वाचा प्रकार) एकत्र असलेली बरीच सीरम बाजारात मिळतात आणि माझे म्हणणे त्या घटकांविषयी आहे. माझी 15 मिलिलिटरची बाटली साधारण 600 रुपयांना मिळते व सकाळ-संध्याकाळ लावूनही अडीच महिन्यांच्या वर पुरते. माझे वय 47, चष्मा जाड भिंगांचा, आणि काम मुद्रितशोधनाचे. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत शालेय पुस्तकांची प्रुफे अक्षरशः उशाशी असतात. हे सांगितले, कारण वाचणाऱ्याला स्वतःची तुलना करून पाहता यावी.

लावण्याची पद्धत साधी आहे. डोळ्याखालच्या हाडाच्या कडेवर अर्धा थेंब टेकवायचा आणि अनामिकेने हलकेच थोपटत पसरवायचा. या बोटाचा दाब सर्वांत कमी पडतो. पापणीवरची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ, जवळपास अर्ध्या मिलिमीटरची असते, त्यामुळे चोळणे पूर्णपणे टाळावे लागते. सीरम पाण्यासारखे पातळ असले तरी वाळताना किंचित चिकट लागते. ते पुरते वाळण्याआधी सनस्क्रीन लावले, तर दोन्ही मिळून खोडरबराच्या चुऱ्यासारख्या बारीक वळ्या निघतात. पहिले दोन आठवडे मी रोज त्या वळ्या पुसत बसले होते. मध्ये पाच मिनिटे थांबायला शिकल्यावर तो त्रास संपला.

दर रविवारी सकाळी सात वाजता, स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीपाशी, त्याच भिंतीला टेकून मी एक छायाचित्र काढत असे. उजेड बदलला की डोळ्यांखालचा काळेपणा कमी-जास्त भासतो, म्हणून हा नेम पाळणे आवश्यक वाटले. महिन्याभराची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली: सकाळी उठल्यावर येणारी फुगीर सूज पहिल्यापेक्षा लवकर उतरत होती. रंग मात्र होता तसाच होता.

मग मी पंधरा दिवस एक पडताळणी केली. उजव्या डोळ्याखाली सीरम लावायचे आणि डाव्या डोळ्यावर थंड पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल पाच मिनिटे ठेवायचा. पहिल्या अर्ध्या तासात दोन्ही बाजू सारख्याच दिसत. त्यानंतर उजवी बाजू दोन-तीन तास थोडी अधिक नीट राहत असे. कॅफीन त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हा परिणाम तात्पुरता असतो, हे लक्षात घेतले तर असेच व्हायला हवे. सकाळी समारंभाला जायचे असेल तेव्हा त्या दोन-तीन तासांचे मोल मला कळते. पण काळी वर्तुळे "कायमची घालवण्याची" भाषा जे वेष्टन करते, ते खरे बोलत नाही.

रंग का हलत नाही, हे विचारायला मी तिसऱ्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी डोळ्याखालची त्वचा दोन बोटांनी हळूच ताणली, मग मला वर छताकडे पाहायला लावले, आणि शेवटी समोरून सरळ उजेड टाकला. त्वचा ताणूनही तपकिरी छटा तशीच राहिली, म्हणजे तेवढा भाग रंगद्रव्याचा. वर पाहताना पापणीखालचा उंचवटा अधिक ठळक झाला, म्हणजे तिथे चरबीची लहानशी पिशवी पुढे आली आहे. समोरून उजेड पडताच नाकाच्या बाजूची गडद रेघ बरीच पुसली गेली, म्हणजे ती रेघ हा रंगच नव्हे. गालाच्या वरच्या खळग्यात पडलेली ती सावली होती. आपण सरसकट "काळी वर्तुळे" म्हणतो, त्यात इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. त्यांपैकी सीरम सकाळच्या सुजेपुरते उपयोगी पडते, हे मला त्या दहा मिनिटांत समजले. ही तपासणी आधी करून मग खरेदी करायला हवी होती.

त्यांनी रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन 10.4 आले, स्त्रियांमध्ये ते 12 च्या खाली असले तर रक्तक्षय मानतात. रक्त कमी झाले की चेहरा फिकट पडतो आणि डोळ्यांखालची काळसर छटा अधिकच उठून दिसते. मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत घेतल्या तर लोह चांगले शोषले जाते, एवढे पथ्य होते. तीन महिन्यांनी आकडा 12.2 झाला. जिने चढताना लागणारा दम गेला, आणि रविवारच्या छायाचित्रांत पहिल्यांदाच चेहऱ्यावर तजेला दिसला. माझ्या वयाच्या कितीतरी बायका दमणूक अंगवळणी पाडून घेतात आणि पैसे मात्र क्रीमवर खर्च करतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

दुसरे कारण माझ्याच हातात होते. सकाळी मला शिंका येतात, डोळे खाजतात, आणि प्रुफे वाचताना चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळण्याची सवय अनेक वर्षांची आहे. सततच्या चोळण्याने त्वचा जाड व काळसर होते. शिवाय नाक चोंदलेले असले की डोळ्यांखालच्या शिरांत रक्त साचून निळसर छटा येते. डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली. चोळण्याऐवजी गार रुमाल टेकवायचा, हे अंगी बाणवायला दोन महिने लागले.

एक चूक मात्र महागात पडली. सीरमने रंग जात नाही, म्हणून मी कोणालाही न विचारता चेहऱ्यासाठी असलेले रेटिनॉलचे, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराचे, क्रीम रोज रात्री डोळ्यांखाली लावले. सहाव्या दिवशी कातडी लाल होऊन सोलवटली आणि साधे पाणी लागले तरी झोंबू लागले. सगळे बंद करून तीन आठवडे फक्त साधे मॉइश्चरायझर लावावे लागले, आणि सावळ्या त्वचेवर दाह झाला की मागे डाग राहतो तसा उजवीकडे एक डाग दोन महिने राहिला. रेटिनॉल डोळ्यांजवळ लावायचेच असेल, तर त्या जागेसाठी बनवलेले, अगदी कमी प्रमाणाचे, आठवड्यातून दोनदा आणि डॉक्टरांना विचारूनच लावावे; गरोदरपणात ते वापरू नये.

तपकिरी छटेवर सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला असेल, तर तो रंगछटा असलेल्या सनस्क्रीनचा. त्यातील लोहाचे ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवते, आणि आपल्यासारख्या त्वचेला काळवंडण्यासाठी नुसते अतिनील किरणच लागतात असे नाही. झिंक ऑक्साइडवर आधारित सनस्क्रीन माझ्या डोळ्यांत झोंबले नाही. नायसिनामाइडचाही काही वाटा असेल, पण तो वेगळा काढून दाखवता येणार नाही. याशिवाय रात्री लोणचे-पापड कमी केले आणि उशी थोडी उंच घेतली. त्याने सकाळची सूज कमी झाली.

खळग्याची सावली तशीच आहे. तिथे हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे खळगा भरून काढणारे जेल, सुईने भरतात, परंतु ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर क्वचित दृष्टीही जाऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले. मी नको म्हटले. आईच्या चाळिशीतल्या एका कृष्णधवल छायाचित्रात तिच्या डोळ्यांखाली नेमकी हीच रेघ आहे, आणि ते छायाचित्र मला फार प्रिय आहे.

तिसरी बाटली तळाला आली आहे. चौथी घेईन, पण रात्री लावणे सोडून फक्त सकाळसाठी, म्हणजे ती पाच महिने पुरावी. ज्यांच्या डोळ्यांखाली उठल्यावर सूज येते आणि दुपारपर्यंत आपोआप उतरते, त्यांनी हे सीरम जरूर घ्यावे. ज्यांचा काळेपणा दिवसभर सारखाच राहतो, त्यांनी हे 600 रुपये आधी रक्ताच्या तपासणीसाठी आणि सनस्क्रीनसाठी ठेवावेत.